होंडा टीआरएक्स ४००ईएक्स

होंडा टीआरएक्स ४००ईएक्स ही जपानच्या होंडा कंपनीने १९९९ च्या मॉडेलपासून प्रामुख्याने उत्तर अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी आणलेली एकासनी, चारचाकी क्रीडागाडी आहे. अशा गाड्या ‘स्पोर्ट क्वाड’ किंवा ‘क्वाड बाईक’ या नावाने ओळखल्या जातात. दुचाकीप्रमाणे हँडल, मोटरसायकलसारखा क्लच व गिअर, आणि कमी दाबाचे रुंद टायर ही त्यांची ओळख होय. वाळूच्या टेकड्या, मातीचे मार्ग आणि शर्यतीची मैदाने येथे चालवण्यासाठी त्या बनवलेल्या असतात. डांबरी रस्ता हे त्यांचे क्षेत्र नव्हे.

४००ईएक्समध्ये ३९७ घ.सेंमी. क्षमतेचे, हवेने थंड होणारे एक-सिलिंडर इंजिन आहे. रचना साधी, इंजिन दणकट आणि सुटे भाग सहज मिळणारे असल्याने वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ती आजही टिकून आहे. अनेक नवशिके आपली पहिली गाडी म्हणून तिचीच निवड करतात व यंत्रकामाचे पहिले धडेही तिच्यावरच गिरवतात. त्यामुळे या लेखात गाडीच्या माहितीबरोबरच वापरलेली गाडी पारखणे, तिची देखभाल आणि तिच्यात करावयाच्या सुधारणा यांचाही विचार केला आहे.

पार्श्वभूमी

होंडाने १९७० मध्ये फुगीर टायरांची तीनचाकी गाडी अमेरिकेत विक्रीस आणली आणि या प्रकारच्या वाहनांची लाट सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी सुझुकीने चारचाकी गाडी आणली. पुढे सुझुकी एलटी २५०आर (१९८५), होंडा टीआरएक्स २५०आर (१९८६) आणि यामाहा बॅन्शी (१९८७) या वेगवान गाड्यांनी क्रीडागाड्यांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. यांची इंजिने टू-स्ट्रोक पद्धतीची होती.

तीनचाकी गाड्या वळणावर सहज उलटत. वाढत्या अपघातांमुळे अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कारवाई केली. १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस या कंपन्यांशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यानुसार तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली आणि वयोमर्यादेच्या सूचना व चालकांचे प्रशिक्षण यांची जबाबदारी कंपन्यांवर आली. होंडाच्या २५०आरचे उत्पादनही १९८९ च्या मॉडेलनंतर बंद झाले.

यानंतर होंडाने फोर-स्ट्रोक क्रीडागाड्यांकडे लक्ष वळवले. १९९३ मध्ये टीआरएक्स ३००ईएक्स आली आणि १९९९ मध्ये ४००ईएक्स. तिचे इंजिन १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या एक्सआर ४००आर या होंडाच्याच मोटरसायकलच्या इंजिनावर आधारलेले होते. २००५ च्या मॉडेलपासून गाडीला मागे जाण्याचा गिअर मिळाला व बाह्यरूप बदलले. २००९ पासून ती टीआरएक्स ४००एक्स या नावाने विकली जाऊ लागली. दरम्यान सुझुकी एलटी-झेड ४०० (२००३), यामाहा वायएफझेड ४५० आणि होंडाचीच टीआरएक्स ४५०आर (दोन्ही २००४) या द्रवशीतित, अधिक शक्तिमान गाड्या आल्या आणि शर्यतीच्या मैदानातील ४००ईएक्सचे स्थान मागे पडले. सोपी व टिकाऊ गाडी म्हणून तिचा लौकिक मात्र कायम राहिला.

रचना

इंजिन : सिलिंडरचा व्यास ८५ मिमी. आणि दट्ट्याची धाव ७० मिमी. आहे. एका कॅमदंडावर चार झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, चालतात. त्या ज्वलनकक्षाभोवती अरीय पद्धतीने, किंचित बाहेर झुकवून बसवलेल्या असतात. होंडाच्या त्या काळातील अनेक मोटरसायकलींत ही रचना आढळते. पाणी, रेडिएटर व पंप नसल्याने बिघडण्यासारखे भाग कमी आहेत. इंधन ३८ मिमी. कार्ब्युरेटरमधून जाते आणि गाडी बटणाने सुरू होते.

वंगणव्यवस्था : या इंजिनाची ‘ड्राय सम्प’ पद्धत नवशिक्याने प्रथम समजून घ्यावी अशी आहे. सामान्य मोटरसायकलमध्ये तेल इंजिनाच्या तळाशी साठते. येथे ते वेगळ्या टाकीत असते. एक पंप टाकीतील तेल इंजिनाला पुरवतो व दुसरा इंजिनातील तेल परत टाकीत नेतो. तेलाची पातळी तपासण्याची रीत त्यामुळे वेगळी असून तिचे वर्णन पुढे दिले आहे.

शक्तिवहन : हाताने चालवायचा, तेलात बुडालेला बहुपट्टी क्लच व पाच गिअर आहेत. मागील चाकांना चेनने गती मिळते. मागचा आस अखंड असून त्यात डिफरन्शियल नाही. दोन्ही मागची चाके नेहमी सारख्याच वेगाने फिरत असल्याने वळताना आतल्या बाजूचे चाक थोडे घसरावे लागते. म्हणून चालकाला वळणाच्या आतल्या बाजूस अंग झुकवून भार हलवावा लागतो. केवळ हँडल फिरवून बसून राहिल्यास गाडी सरळ जाऊ पाहते किंवा उलटण्याचा धोका निर्माण होतो.

सस्पेन्शन, ब्रेक व चाके : पुढील दोन चाकांना प्रत्येकी वरखाली दोन त्रिकोणी भुजा व स्वतंत्र शॉकअब्सॉर्बर आहे. मागे स्विंगआर्मला सांधेजोडणीने जोडलेला एकच शॉकअब्सॉर्बर आहे. पुढच्या दोन्ही चाकांना व मागच्या आसाला डिस्क ब्रेक आहेत. पुढील टायर २२×७-१० आणि मागील २०×१०-९ मापाचे असतात. यातील पहिला अंक टायरची उंची, दुसरा रुंदी आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत दाखवतो.

वापरलेली गाडी पारखणे

आज मिळणारी प्रत्येक ४००ईएक्स अनेक वर्षे वापरलेली असते. अशा गाडीची किंमत तिच्या रंगरूपावरून ठरत नाही. नवे प्लास्टिक व चकचकीत सायलेन्सर बसवणे सोपे असते. झिजलेले बेअरिंग व वाकलेला आस त्याखाली झाकले जातात.

कागदपत्रे : सांगाड्यावरील क्रमांक मालकीपत्राशी जुळतो का हे सर्वप्रथम पाहतात. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे असते.

थंड इंजिन : विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीवरून काहीच कळत नाही. सिलिंडरला हात लावून ते थंड असल्याची खात्री करतात व मगच गाडी सुरू करतात. चोक दिल्यावर लगेच सुरू होऊन काही वेळाने चोकशिवाय संथ गतीवर स्थिर राहणारे इंजिन बहुधा चांगले असते. चोक बंद करताच बंद पडत असेल, तर कार्ब्युरेटरचा लहान जेट तुंबल्याचा संशय घेतात. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला, तर पिस्टन रिंगा किंवा झडपांची सीले झिजलेली असतात.

चाके व सांधे : गाडीचे पुढचे टोक उचलून प्रत्येक चाक वर-खाली व डावी-उजवीकडे हलवून पाहतात. वर-खाली हलल्यास चाकाचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आणि आडवे हलल्यास स्टीअरिंगच्या दांड्यांची टोके सैल असण्याची शक्यता असते. मागचे टोक उचलून चाक फिरवले व स्थिर खुणेशी आसाच्या टोकाची तुलना केली की वाकलेला आस लक्षात येतो. मागची दोन्ही चाके धरून आस बाजूला ढकलल्यास खटका लागत असेल, तर आसाच्या धारकातील बेअरिंगे संपलेली असतात.

सांगाडा : पुढील भुजांच्या जोडणीचे कान, पायपट्ट्यांचे आधार आणि स्विंगआर्मची धुरी येथे तडे व वेल्डिंगच्या खुणा शोधतात. स्विंगआर्मवरील प्लास्टिकची चेन-पट्टी झिजून गेली असल्यास चेन धातूच कापू लागते.

मागे जाण्याचा गिअर : २००५ पूर्वीच्या गाड्यांत तो नसतो. हा दोष नव्हे. मात्र अरुंद मार्गावर गाडी वळवताना खाली उतरून ढकलावी लागते.

देखभाल

वापरलेली गाडी घरी आणल्यावर जुन्या मालकाने केलेल्या कामाच्या शब्दावर विसंबून न राहता सर्व मूलभूत कामे एकदा स्वतः करणे, हा अनुभवी चालकांचा संकेत आहे. त्यामुळे पुढील देखभालीसाठी निश्चित आरंभबिंदू मिळतो व गाडीची ओळखही होते. कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका, फिलर गेज, टॉर्क पाना आणि कमी दाब मोजणारे टायर गेज एवढी सामग्री सुरुवातीला पुरेशी असते. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख वहीत नोंदवून ठेवणे उपयोगी पडते.

तेलाची पातळी : गाडी बराच वेळ उभी राहिली की टाकीतील काही तेल इंजिनाच्या तळाशी उतरते. अशा वेळी दांडी बुडवून पाहिल्यास तेल कमी दिसते. नवशिका ते कमी समजून आणखी ओततो. इंजिन चालू होताच तळाचे तेल टाकीत परत येते व टाकी प्रमाणापेक्षा जास्त भरते. जादा तेल श्वसननळीतून हवेच्या पेटीत जाऊन गाळणी भिजवते. योग्य रीत अशी : सपाट जागेवर इंजिन काही मिनिटे संथ गतीवर चालवावयाचे, बंद करून लगेच दांडी काढून पुसावयाची, आटे न आवळता नुसती टेकवून पुन्हा काढावयाची व पातळी पाहावयाची.

तेल व गाळणी बदलणे : तेल इंजिनाचा तळ व तेलटाकी या दोन्ही ठिकाणांहून काढावे लागते, एकीकडूनच काढल्यास बरेचसे जुने तेल आत राहते. क्लच त्याच तेलात बुडालेला असल्याने मोटरसायकलींसाठीच्या ‘जासो एमए’ प्रतीचे तेल वापरतात. मोटारींसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात व त्यांनी क्लच घसरू लागतो. तेलगाळणी बसवताना स्प्रिंग आतल्या बाजूस व गाळणीवरील ‘बाहेरची बाजू’ अशा अर्थाची खूण बाहेर राहील याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. गाळणी उलटी बसल्यास तेलाचा प्रवाह अडतो. कोणतीही पूर्वसूचना न मिळता कॅमदंड व बेअरिंगे वंगणाविना जळू शकतात. स्वस्त गाळणीच्या एका चुकीने संपूर्ण इंजिन गमावण्याचा हा मार्ग आहे.

हवेची गाळणी : ती फोमची असते. धुळीत चालवल्यावर ती फोमसाठीच्या द्रावणात किंवा साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, खास फोम-तेलात भिजवून व पिळून बसवतात. पेट्रोलने धुण्याची सवय आगीच्या धोक्यामुळे व फोमचा चिकटवलेला सांधा सुटत असल्याने टाळतात. गाळणीची कड पेटीला घट्ट बसली नाही, तर बारीक वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा अल्पावधीत झिजतात. वाळूच्या प्रदेशात वापरलेल्या गाड्यांची इंजिने लवकर धूर सोडू लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

झडपांची फट : मेकॅनिकांच्या बोलीत यास ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात. इंजिन पूर्ण थंड असताना, दट्ट्या संपीडनाच्या धावेच्या शिखरावर आणून, फिलर गेजने फट मोजतात. आत घेणाऱ्या झडपांसाठी ती ०.१० मिमी. व धूर सोडणाऱ्या झडपांसाठी ०.१२ मिमी. असते. स्क्रू व नट यांनी ती जुळवता येत असल्याने हे काम घरी जमण्याजोगे आहे. अनेक द्रवशीतित गाड्यांत यासाठी कॅमदंड काढून चकत्या बदलाव्या लागतात. टकटक आवाज करणारी सैल झडप कानाला खटकते, म्हणून तिची काळजी घेतली जाते. परंतु अधिक घातक असते ती फट उरलेली नसलेली झडप. ती आवाज करत नाही, पूर्ण बंदही होत नाही. परिणामी गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि धुराची झडप जळते.

कार्ब्युरेटर : महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल आटून चिकट थर बनतो व बारीक जेट बुजतात. जेट काढून कार्ब्युरेटर-क्लीनर व दाबाच्या हवेने साफ करतात. त्यांत तार घातल्यास छिद्राचे माप बिघडते. गाडी दीर्घकाळ ठेवताना इंधनाचा नळ बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकल्यास हा त्रास बहुतांशी टळतो.

चेन व मागील आस : आसाची बेअरिंगे एका उत्केंद्री धारकात असतात. धारकाचे बोल्ट सैल करून तो फिरवला की आस पुढे-मागे सरकतो व चेनचा ताण बदलतो. अति घट्ट चेन बेअरिंगे व गिअरपेटीचा दंड झिजवते; अति सैल चेन उडते व इंजिनाचे आवरणही फोडू शकते. ताण सर्वांत घट्ट जागी मोजतात. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेट बदलणे हिताचे असते, कारण झिजलेले दाते नवी चेन लवकर खातात.

ब्रेक : ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते सुमारे दोन वर्षांनी बदलतात. कोणत्या प्रतीचे तेल घालावे हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. मागील कॅलिपरवर चिखल बसून त्याच्या पिना अडकतात व ब्रेक घासत राहतो. पार्किंग ब्रेकची तार गंजूनही हाच दोष उद्‌भवतो. गाडी ढकलताना जड वाटल्यास सर्वप्रथम मागची डिस्क तापली आहे का ते पाहतात.

टायर : या टायरांतील दाब अत्यल्प, मोटारीच्या टायरच्या तुलनेत लहानसा अंश असतो. साधा दाबमापक येथे निरुपयोगी ठरतो. दाबाचे अंक गाडीवरील सूचनापट्टीवर दिलेले असतात. मागील आस अखंड असल्याने दोन्ही मागच्या टायरांचा परीघ सारखा असावा लागतो. तो टेपने मोजतात. एक टायर नवा व दुसरा झिजलेला असल्यास गाडी सतत एका बाजूला ओढते.

सुधारणा

४००ईएक्ससाठी बाजारात असंख्य सुधारित भाग मिळतात. नवशिक्याचे लक्ष बहुधा शक्ती वाढवण्याकडे जाते. परंतु थांबण्याची, वळण्याची व चालकाला वाचवण्याची क्षमता जुनीच ठेवून वेग वाढवला, तर गाडी चांगली होत नाही, धोकादायक होते. म्हणून सुधारणांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवला जातो.

संरक्षक भाग : पायपट्टीवरून घसरलेले पाऊल मागच्या चाकाखाली ओढले जाणे ही क्रीडागाड्यांतील गंभीर इजा होय. पुढच्या व मागच्या चाकांमधील मोकळ्या जागेत जाळीसह बाजूच्या दांड्या बसवल्या की ती टळते. चालक फेकला गेल्यास इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी, दातेरी रुंद पायपट्ट्या व इंजिनाखालील संरक्षक पत्रा हे भागही याच टप्प्यात बसवतात.

टायर : मार्गाला अनुरूप टायर निवडल्यास गाडीच्या वर्तनात लक्षणीय फरक पडतो. वाळूसाठी मागे वल्ह्यांसारख्या पट्ट्यांचे टायर वापरतात. कडक मातीवर ते निरुपयोगी असतात. शर्यतीसाठी मागे १८ इंच उंचीचे टायर लावतात. त्यांनी गाडी खाली बसून स्थिर होते, पण आसही एक इंच खाली येतो व दगडाळ वाटेवर स्प्रॉकेट आणि डिस्क आपटतात.

सस्पेन्शन व रुंदी : नवे शॉकअब्सॉर्बर घेण्यापूर्वी जुन्यांतील तेल व सीले बदलून स्प्रिंगचा ताण चालकाच्या वजनानुसार जुळवणे कमी खर्चाचे व बऱ्याचदा पुरेसे असते. लांब भुजा व रुंद आस यांनी वळणावरील स्थैर्य वाढते. मात्र अमेरिकेतील राष्ट्रीय वनांतील अनेक वाटांवर ५० इंच, म्हणजे १२७ सेंमी. किंवा त्याहून कमी रुंदीच्या गाड्यांनाच प्रवेश असतो. मूळ ४००ईएक्स या मर्यादेत बसते. रुंद केलेली गाडी कदाचित बसत नाही.

गिअर गुणोत्तर : मूळ स्प्रॉकेट पुढे १५ व मागे ३८ दात्यांचे असतात. पुढचे १४ दात्यांचे बसवल्यास गुणोत्तर २.५३ वरून २.७१ होते, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. चढावर व अरुंद वाटेवर गाडी जोमाने उचलते, कमाल वेग मात्र त्याच प्रमाणात घटतो. मागचे स्प्रॉकेट दोन दात्यांनी वाढवल्यास सुमारे ५ टक्के फरक पडतो. इंजिनाला हात न लावता जाणवणारा हा बदल सर्वांत स्वस्त असून परत फिरवताही येतो.

हवा व धूर यांचे मार्ग : हवेच्या पेटीचे झाकण काढणे व मोकळा सायलेन्सर लावणे हा लोकप्रिय बदल आहे. इंजिनात अधिक हवा आली की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवावे लागते, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट बदलतात. तसे न केल्यास मिश्रण पातळ होते, स्पार्क प्लग पांढुरका दिसतो, थ्रॉटल सोडताना फटफट आवाज येतो आणि इंजिन जास्त तापते. हवाशीतित इंजिनाला ही उष्णता बाहेर टाकण्याचा दुसरा मार्ग नसतो. उंच पर्वतप्रदेशात हवा विरळ असल्याने लहान जेट लागतात. एका जागी अचूक जुळवलेली गाडी दुसरीकडे तशीच चालेल असे नाही. पेटी उघडी ठेवल्यास धूळ व पाणी आत जाण्याचा धोकाही वाढतो.

इंजिनाची क्षमता : ८७ मिमी. दट्ट्याने क्षमता ४१६ घ.सेंमी. व ८९.५ मिमी. दट्ट्याने ४४० घ.सेंमी. होते. मोठा दट्ट्या बसवण्यासाठी सिलिंडर यंत्रशाळेत अचूक मापाने कापावा लागतो. मूळ संपीडन प्रमाण ९.१ : १ आहे, उच्च संपीडनाच्या दट्ट्याला जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल लागते आणि इंजिन अधिक तापते. जुने इंजिन धूर सोडत असल्यास मूळ मापाजवळचा दट्ट्या व नव्या रिंगा घालून ते पूर्ववत करणे नवशिक्यासाठी अधिक योग्य ठरते. तशी झिज नसताना क्षमता वाढवण्याचे काम बहुधा शेवटी करतात.

सुरक्षितता व कायदे

अमेरिकेत या प्रकारच्या वाहनांच्या अपघातांत दरवर्षी शेकडो व्यक्ती मृत्युमुखी पडतात. ४००ईएक्स प्रौढांसाठीची गाडी असून ती किमान १६ वर्षे वयाच्या चालकासाठी आहे. आसन लांब दिसत असले तरी ते चालकाला पुढे-मागे सरकता यावे यासाठी असते. दुसरा माणूस बसवल्यास भार मागे जाऊन चढावर गाडी उलटते. हेल्मेट, डोळ्यांचे संरक्षण, घोट्याच्या वर येणारे बूट व हातमोजे ही किमान साधने मानली जातात. २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांसाठी सुरक्षा-मानके बंधनकारक केली. पण वापरलेल्या गाडीत पूर्वीच्या मालकाने काय बदलले आहे, याची जबाबदारी नव्या मालकावरच येते.

सार्वजनिक वनभूमीवर सायलेन्सरमध्ये ठिणगीरोधक जाळी असणे आवश्यक असते, कारण तप्त कार्बनकणांनी वणवे लागतात. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनवलेल्या अशा वाहनांसाठी ९६ डेसिबेल ही ध्वनिमर्यादा आहे. जाळी काढलेला मोकळा सायलेन्सर असलेली गाडी विकत घेतल्यास तो बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा लागतो.

भारतातील संदर्भ

भारतात क्वाड बाईक सामान्यतः सार्वजनिक रस्त्यांवर चालवण्यासाठी नोंदवल्या जात नाहीत. त्यांचा वापर खाजगी जागा, साहसी पर्यटनकेंद्रे व समुद्रकिनारे येथे आढळतो. महाराष्ट्रात अलिबाग परिसरातील किनाऱ्यांवर पर्यटकांना अशा गाड्या भाड्याने दिल्या जातात. त्या बहुधा क्रीडागाड्यांपेक्षा लहान व स्वयंचलित क्लचच्या असतात. किनाऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या गाड्यांच्या देखभालीचा एक वेगळा पैलू आहे. खारे पाणी व ओली वाळू यांमुळे चेन, ब्रेकच्या पिना, विजेच्या जोडण्या व पुढील भुजांचे सांधे वेगाने गंजतात. म्हणून प्रत्येक दिवसाच्या वापरानंतर गाडी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, चेनला वंगण व सांध्यांना ग्रीस देणे गरजेचे असते. दाबाच्या पाण्याची धार बेअरिंगांच्या सीलांवर थेट मारल्यास पाणी आत शिरते, त्यामुळे तेथे पाणी हलक्या हाताने वापरतात. भाड्याने गाडी घेणाऱ्यानेही निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहणे, थ्रॉटल सोडताच परत येतो की नाही हे तपासणे आणि हेल्मेट घालणे हिताचे असते.